‘वाघ दिसला का?’ : जंगल सफारी, व्याघ्रदर्शनाची परिभाषा आणि मराठी अरण्यलेखन

बीजसंज्ञा : जंगल सफारी, व्याघ्रदर्शन, माग, अरण्यलेखन, ताडोबा, नागझिरा, तेंदूपत्ता.

प्रस्तावना :

मराठी मध्यमवर्गाच्या सुट्टीच्या कल्पनेत गेल्या काही दशकांत लक्षणीय बदल झाला आहे. आजोळ, तीर्थक्षेत्र आणि थंड हवेचे ठिकाण या परिचित स्थळांच्या जोडीला आता जंगल येऊन बसले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी, विदर्भातीलच पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला आणि शेजारच्या मध्य प्रदेशातील कान्हा व बांधवगड ही नावे आता केवळ वनाधिकाऱ्यांच्या किंवा निसर्गअभ्यासकांच्या बोलण्यात राहिलेली नाहीत. मुलांच्या परीक्षा संपण्याआधीच सफारीचे आरक्षण करून ठेवणारी कुटुंबे शहरोशहरी आढळतात.

या सुट्टीहून परतलेल्या माणसाला शेजारी, सहकारी, नातेवाईक पहिला प्रश्न एकच विचारतात : ‘वाघ दिसला का?’ उत्तर होकारार्थी असेल तर सुट्टी सार्थकी लागली. नकारार्थी असेल तर खर्च वाया गेला, असा सर्वसाधारण समज असतो. प्रश्न वरवर पाहता साधा आहे. तथापि जंगलात काय पाहावे, किती वेळात पाहावे आणि पाहिलेले कोणत्या शब्दांत सांगावे, याविषयीची एक संपूर्ण दृष्टी त्यात सामावलेली आहे. मराठीत दुसरीकडे व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या लेखकांनी घडवलेली अरण्यलेखनाची समृद्ध परंपरा आहे. सफारीचा पर्यटक पुष्कळदा याच लेखकांची पुस्तके वाचून जंगलाकडे वळलेला असतो. परंतु परतल्यावर त्याने सांगितलेल्या हकिकतीत त्या पुस्तकांचा अंश फारसा उरत नाही. असे का घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) ‘सफारी’ या संज्ञेच्या अर्थाचा प्रवास तपासणे.
२) सफारीच्या हकिकतीतील व्याघ्रदर्शनाच्या परिभाषेची चिकित्सा करणे.
३) मराठी अरण्यलेखनातील निकषांशी त्या हकिकतीची तुलना करणे.
४) सफारीच्या हकिकतीतून कोण वगळले जाते, याचा शोध घेणे.

१. ‘सफर’ आणि ‘सफारी’ :

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतून इंग्रजीत आणि तेथून मराठीत आला. स्वाहिलीत त्याचा अर्थ केवळ ‘प्रवास’ असा आहे आणि त्याचे मूळ अरबी ‘सफर’ या शब्दात आहे. हाच अरबी शब्द फारसीच्या मार्गाने मराठीत ‘सफर’ म्हणून फार पूर्वी रुळला. म्हणजे ‘सफर’ आणि ‘सफारी’ ही एकाच मुळाची दोन रूपे आहेत. मात्र दोन वेगळ्या वाटांनी येताना त्यांनी दोन वेगळे अर्थ सोबत आणले.

वसाहतकाळात पूर्व आफ्रिकेत युरोपीय आणि अमेरिकन शिकाऱ्यांच्या मोहिमांना ‘सफारी’ म्हटले जाऊ लागले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ मध्ये काढलेली मोहीम हे त्याचे गाजलेले उदाहरण होय. आज पर्यटनाच्या जाहिरातींत झळकणारी ‘बिग फाइव्ह’ ही संज्ञादेखील शिकाऱ्यांचीच आहे. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकी रानम्हैस या पाच प्राण्यांची पायी शिकार सर्वांत अवघड व धोक्याची, म्हणून त्यांची अशी वेगळी गणना झाली. पुढे बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, पण प्राण्यांची ही यादी बदलली नाही.

भारतातही याहून फार वेगळे घडले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पक्षेत्रांत महाराष्ट्रातील मेळघाटाचा समावेश होता. शिकार थांबली, शिकारकथेची घडण मात्र टिकून राहिली. पहाटे निघणे, खबर मिळणे, ठसे सापडणे, दबा धरून थांबणे, अखेरीस सामना होणे आणि पुरावा घेऊन परतणे, हे शिकारकथेचे टप्पे सफारीच्या हकिकतीत जवळजवळ त्याच क्रमाने येतात. भिंतीवरच्या कातड्याचे काम आता छायाचित्र करते.

येथे एक भेद नोंदवणे आवश्यक आहे. संस्कृतातील ‘मृगया’ हा शब्द ‘मृग्’ म्हणजे शोधणे या धातूशी जोडला जातो. मराठीतही ‘माग काढणे’ हा वाक्प्रचार आहे. शिकारी कितीही क्रूर असला तरी त्याला माग काढावा लागे. त्यासाठी वारा, माती, पालापाचोळा, पक्ष्यांचे आवाज यांचे ज्ञान लागे. सफारीतील पर्यटकाला वाहनातून उतरण्यास मनाई असते आणि ती योग्यही आहे. परंतु त्यामुळे माग काढण्याचे काम त्याच्याकडून पूर्णपणे सुटले आणि शिकारकथेचा केवळ शेवट त्याच्या वाट्याला आला. माग गळून केवळ सामना उरणे, ही सफारीच्या हकिकतीची पहिली उणीव होय.

२. व्याघ्रदर्शनाची परिभाषा :

सफारीची भाषा दोन स्तरांवर वावरते. पहिला स्तर इंग्रजी उसनवारीचा आहे. ‘साइटिंग’, ‘कॉल’, ‘हेड-ऑन’ हे शब्द प्रवेशद्वारावरील चहाच्या टपरीपासून निवासस्थानातील भोजनगृहापर्यंत सर्रास ऐकू येतात. दुसरा स्तर भक्तीचा आहे. ‘वाघाने दर्शन दिले’, ‘आमच्या नशिबात नव्हते’, ‘योग लागतो’ अशी वाक्ये मराठी पर्यटक अगदी सहजपणे बोलतो. ‘व्याघ्रदर्शन’ हा वृत्तपत्रांनी रूढ केलेला शब्द याच स्तरावरचा आहे.

दर्शनाची ही भाषा परंपरेतून आली आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु वाघाविषयीची लोकपरंपरा तपासली तर चित्र उलट दिसते. महाराष्ट्राच्या अनेक भागांत वाघोबा किंवा वाघदेव यांची शेंदूर लावलेली ठाणी रानाच्या कडेला आढळतात. सह्याद्रीतील महादेव कोळी समाजात आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस पाळली जाते. खुद्द ताडोब्याचे नाव ‘तारू’ या दैवताशी जोडले जाते. वाघाशी झुंजताना मरण पावलेला हा गावप्रमुख पुढे देव झाला अशी आख्यायिका आहे; ताडोबा तलावाच्या काठी त्याचे स्थान असून आदिवासींच्या श्रद्धेत त्याला आजही मान आहे. या सर्व परंपरांत वाघाला हात जोडले जातात ते त्याने वाट्याला जाऊ नये म्हणून. गुराखी, मोह वेचणारी बाई, लाकूडफाटा आणणारा माणूस वाघदेवाकडे मागतो ते वाघाचे दर्शन नव्हे. त्याची भेट टळावी एवढेच त्याचे मागणे असते. पर्यटकाने या भक्तीची शब्दकळा उचलली आणि तिच्यातील मागणे नेमके उलटे केले. भीती व अंतर राखणे हा जो त्या श्रद्धेचा गाभा, तोच या उचलेगिरीत हरवला.

अंतर हरवण्याचे परिणाम केवळ भाषिक नसतात. २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या वाहनांनी अडवल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. दोष संबंधित चालकांचा व मार्गदर्शकांचा होता, हे मान्य करूनही असे विचारावे लागते की, त्या वाहनांत बसलेल्यांना कोणती हकिकत घरी न्यावयाची होती? ज्या सुट्टीचे मोल एकाच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते, त्या सुट्टीत वाट मोकळी करून मागे सरणारा चालक गिऱ्हाइकाच्या लेखी नुकसानच करीत असतो.

वाघांना नावे देण्याची प्रथाही याच संदर्भात पाहता येते. ताडोब्यातील ‘माया’ किंवा उमरेडचा ‘जय’ ही नावे चित्रपटातील तारे-तारकांप्रमाणे प्रसिद्ध झाली. जय २०१६ मध्ये व माया २०२३ मध्ये दिसेनाशी झाल्यावर चाहत्यांनी केलेला शोक खोटा होता असे म्हणता येणार नाही. तथापि या आपुलकीत त्या वाघाच्या जगण्याविषयीचे कुतूहल किती आणि पुन्हा दिसण्याची हमी गेल्याची खंत किती, हा प्रश्न उरतोच.

३. माडगूळकर : थांबण्याची रीत :

व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक या प्रश्नाकडे पाहण्याची वेगळी दिशा देते. त्या काळी भंडारा जिल्ह्यात असलेल्या, आता गोंदिया जिल्ह्यात मोडणाऱ्या या अभयारण्यातील मुक्कामातून ते साकारले. शिकारीचा नाद असलेला लेखक बंदूक बाजूला ठेवून वही आणि रेखाटनाचे साहित्य घेऊन रानात येतो, हा त्यामागचा जीवनविषयक बदलही महत्त्वाचा आहे. या पुस्तकाचे मोल वाघ दिसण्या-न दिसण्यावर अवलंबून नाही. पाणवठ्यावर कोण कधी येते, कोण कोणाला वाट देते, वानरांची टोळी सकाळ कशी घालवते, अशा नोंदींतून रान उभे राहते. माडगूळकरांची वाक्ये आखूड आहेत, विशेषणे मोजकी आहेत. पाहिलेल्या गोष्टीवर भावनेचा मुलामा चढवण्याची घाई त्यांत नाही.

या थांबण्याचे फळ ‘सत्तांतर’ या लघुकादंबरीत दिसते. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या कृतीत वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष आहे. माडगूळकरही वानरांना नावे देतात. मात्र ही नावे ओळखीसाठी आहेत. एकाच टोळीकडे पुन्हापुन्हा पाहिल्याखेरीज कोण कोणाचा, कोण हरला, कोणाची पिल्ले मारली गेली हे कळत नाही आणि ते कळल्याखेरीज नावांची गरजही पडत नाही. सफारीतील वाघाचे नाव पर्यटकाला वाघ दिसण्यापूर्वीच ठाऊक असते; माडगूळकरांच्या वानराचे नाव पाहण्यातून येते. सफारीच्या वाटेवर सर्वाधिक दिसणारा आणि सर्वांत दुर्लक्षित प्राणी म्हणजे वानर. ज्या प्राण्यापाशी वाहन क्षणभरही थांबत नाही, त्याच प्राण्यावर मराठीतील एक महत्त्वाची कादंबरी उभी आहे, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे.

४. चितमपल्ली : नावांचे धन :

मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनखात्यात दीर्घकाळ सेवा केली. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’ या ग्रंथांनी मराठी वाचकाला अरण्याची ओढ लावली. २००६ मध्ये सोलापूर येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. त्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य म्हणजे नावांचा ध्यास. पारधी, गोंड, माडिया, मासेमार यांच्याकडून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची, वनस्पतींची नावे गोळा केली. ‘पक्षिकोश’ व ‘शब्दांचं धन’ ही त्या ध्यासाचीच फळे होत. बगळ्यांच्या वसाहतीसाठी ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीसाठी ‘काकागार’ असे शब्द त्यांनी मराठीला दिले.

नाव ठाऊक असणे ही केवळ कोशातील नोंद नसते. मगरीच्या पाठीसारखी साल असलेला ऐन, पांढऱ्या खोडामुळे चांदण्यात भुतासारखी दिसणारी कढई, उन्हाळ्यात फुलांचा सडा घालणारा मोह यांची नावे ज्याला येतात, त्याला वाघ न दिसलेल्या फेरीतही सांगण्यासारखे पुष्कळ असते. ज्याला नावे येत नाहीत त्याच्या दृष्टीने दोन वाघांच्या मधला सर्व प्रदेश म्हणजे ‘नुसती झाडे’. सफारीच्या हकिकतीत ‘काहीच दिसले नाही’ हे वाक्य वारंवार येते. तीन-चार तास जंगलात फिरून काहीच न दिसणे हा डोळ्यांचा दोष क्वचितच असतो. शब्दसंग्रहाची ती मर्यादा आहे. या अर्थाने चितमपल्लींचे लेखन हे सफारीला जाणाऱ्याचे खरे पूर्वतयारीचे साहित्य ठरते.

५. वाहनातील वाचक : गाइड :

सफारीच्या वाहनात रान वाचता येणारी एक व्यक्ती मात्र असते. ती म्हणजे गाइड. हे मार्गदर्शक बहुधा परिसरातील गावांतील तरुण असतात. ताडोब्यात स्त्रियाही हे काम करतात. चितळाची हाक आणि सांबराची हाक यांतील फरक, वानर उगाच ओरडते की खरोखर वाघ पाहून, ठसा सकाळचा की रात्रीचा, हे त्यांना कळते. चितळ वाऱ्याने हललेल्या झुडपालाही बिचकते, सांबर सहसा फसत नाही, हे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही. माडगूळकर-चितमपल्लींच्या परंपरेतील अरण्यवाचनाचा हाच आजचा जिवंत धागा होय.

परंतु सफारीच्या हकिकतीत गाइड कोठे येतो? ‘गाइड चांगला होता’ किंवा ‘गाइडने वेळ घालवला’ एवढ्याच वाक्यात. वाघ दाखवण्याच्या अपेक्षेने त्याच्या ज्ञानाची दिशाही बदलते. माग वाचून समजावून सांगण्याऐवजी दुसऱ्या वाहनाकडून मिळालेल्या खबरीमागे धावणे त्याला भाग पडते. ज्ञान असलेल्या माणसाला केवळ वाघाचा ठावठिकाणा सांगणारा बनवणे, ही या व्यवहारातील शोकांतिका आहे.

६. एकच उन्हाळा, दोन माणसे :

सफारीचा उत्तम हंगाम उन्हाळ्याचा मानला जातो. पानगळ झालेली असते, गवत वाळलेले असते, पाणवठे मोजकेच उरतात आणि वाघ पाण्याच्या आसऱ्याला येतो. मार्च ते मे या महिन्यांत म्हणूनच आरक्षण मिळणे कठीण जाते. पूर्व विदर्भातील खेड्यांत हाच काळ मोहफुले वेचण्याचा आणि त्यापाठोपाठ तेंदूपत्ता तोडण्याचा असतो. वर्षाच्या रोख उत्पन्नाचा मोठा भाग अनेक कुटुंबांना या काही आठवड्यांतून मिळवावा लागतो. पहाटे उठून, वाकून, पाने खुडत जाणारी स्त्री आणि उघड्या जिप्सीत उभी राहून दुर्बिणीतून पाहणारी स्त्री एकाच पहाटे, एकाच भूप्रदेशात असतात. दोघींच्या मनात वाघच असतो. एकीला तो दिसावा असे वाटते आणि दुसरीला तो दिसू नये असे वाटते.

मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडण्यासाठी गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या एकाच हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. वाघांची संख्या वाढणे ही संवर्धनाची मोठी सिद्धी आहे, यात शंका नाही. देशातील वाघांचा अंदाज २००६ मध्ये १,४११ होता. तो २०२२ च्या गणनेत ३,६८२ वर पोचला आणि त्यांपैकी ४४४ वाघ महाराष्ट्रात होते. परंतु या आकड्यांचा आनंद आणि भार समप्रमाणात वाटला गेलेला नाही. ताडोब्याच्या गाभाक्षेत्रातून बोटेझरी, जामणी यांसारख्या गावांचे पुनर्वसन झाले. ज्या मोकळ्या गवताळ जागी आज पर्यटकांना चितळांचे कळप दिसतात, त्यांपैकी काही जागा एके काळी गावांच्या शिवाराच्या होत्या. पर्यटकाच्या छायाचित्रात ते गवत ‘निसर्गसौंदर्य’ म्हणून येते. तेथील विहीर, बांध, आंब्याचे झाड यांची कथा त्यात येत नाही.

७. काही आक्षेप :

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पर्यटनामुळे स्थानिकांना रोजगार मिळतो आणि जंगलावर लक्ष राहते. हा आक्षेप बव्हंशी ग्राह्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ रोजी व्याघ्र प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटनास अंतरिम स्थगिती दिली, तेव्हा हाच युक्तिवाद प्रामुख्याने पुढे आला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना निघाल्यावर १६ ऑक्टोबर २०१२ रोजी स्थगिती उठली आणि गाभाक्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागापुरती पर्यटनाची मर्यादा घातली गेली. प्रस्तुत लेखाचा रोख सफारी बंद करण्याकडे नाही. तिच्या हकिकतीचा निकष बदलण्याकडे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माडगूळकरांना दिवसेंदिवस मुक्काम करता आला, चितमपल्ली तर स्वतः वनाधिकारी होते. तीन-चार तासांच्या पर्यटकाची त्यांच्याशी तुलना अन्याय्य नव्हे काय? हे खरे आहे. अरण्यलेखनातील निवांतपणा हा एका अर्थी परवान्याचा आणि विश्रामगृहाचा निवांतपणा होता. त्या लेखनात स्थानिक माणूस जाणकार आणि सोबती म्हणून आदराने येतो. परंतु त्याच्या उपजीविकेचा व हक्काचा प्रश्न मुख्यतः कडेला राहतो. म्हणूनच जुन्या अरण्यलेखनाची नक्कल आज पुरेशी ठरणार नाही. त्यातून घ्यावयाची गोष्ट म्हणजे पाहण्याची रीत. आणि त्यात भर घालावयाची ती वाकून पाने खुडणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीची.

निष्कर्ष :

१) ‘सफारी’ या संज्ञेसोबत शिकारकथेची घडण मराठी पर्यटकाच्या हकिकतीत आली, मात्र शिकाऱ्याचे माग काढण्याचे ज्ञान तिच्यात उतरले नाही.

२) व्याघ्रदर्शनाची परिभाषा लोकश्रद्धेतून आलेली दिसत असली, तरी वाघदेवाच्या उपासनेतील भय व अंतर तिने नाकारले आहे.

३) माडगूळकरांनी थांबण्याची रीत आणि चितमपल्लींनी नावांचे धन मराठी वाचकाला दिले. वाघ न दिसलेली फेरीही अर्थपूर्ण होऊ शकते, याचा पुरावा त्यांच्या लेखनात आहे.

४) ही परंपरा आज गाइडच्या ज्ञानात जिवंत आहे, त्याच्याकडून वाघाची मागणी न करता रानाची ओळख मागितली, तर सफारीचे स्वरूप त्याच वेळेत व त्याच खर्चात बदलू शकते.

५) मोह-तेंदूच्या हंगामातील स्थानिक माणसाचे भय आणि विस्थापित गावांची स्मृती यांना जागा दिल्याशिवाय सफारीची कोणतीही हकिकत पूर्ण मानता येणार नाही.

सुट्टीहून परतलेल्या माणसाला विचारावयाचा प्रश्न म्हणूनच बदलावा लागेल. ‘वाघ दिसला का?’ याऐवजी ‘रानात काय काय होते, आणि कोण कोण होते?’ असे विचारले गेले, तर उत्तर देण्यासाठी पुढच्या खेपेस अधिक सावधपणे पाहावे लागेल. ताडोब्याच्या तलावाकाठी तारूच्या ठाण्यापुढे हात जोडणाऱ्याला या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.